एक शनिपार द्या

कात्रज चौकात उभं राहून डोळे मिटू नका. कोंढव्याकडून येणारा ट्रक तुमच्या कल्पनाशक्तीसाठी थांबणार नाही. उघड्या डोळ्यांनीच निघायचंय. आधी उड्डाणपुलाचे खांब पुसून टाका. मग डोंगराच्या अंगाखांद्यावर चढलेल्या इमारतींपैकी निम्म्या खाली उतरवा. हातातल्या फोनची काच काढून बटणं बसवा. झालं, पोचलात. साल २००८, नोव्हेंबर, संध्याकाळचे साडेपाच.

पहिला येतो तो वास. घाट उतरून आलेल्या एसट्यांच्या तापलेल्या ब्रेकचा जळका वास, त्यात डिझेल, त्यात वड्याच्या कढईत दिवसभर उकळलेलं तेल. वारा फिरला की डेअरीच्या बाजूने आंबूस दुधाची एक झुळूक येते आणि जाते. 'सातारा, सातारा, सातारा' असं एका श्वासात ओरडणाऱ्या जीपवाल्याने तुमचा दंड धरून तुम्हाला अर्धं आत बसवलंच होतं. सोडवून घ्या. आपल्याला उलट्या दिशेने, गावात जायचंय.

आता जरा स्वतःकडे बघा. एरवी तुम्ही कुणीही असा, कितीही वयाचे. आज संध्याकाळपुरते तुम्ही बावीस वर्षांचा मुलगा आहात, बार्शीकडून शिकायला आला आहात आणि धनकवडीत कॉट बेसिसवर राहता. खोली एक, कॉट चार, आरसा एक. खिडकीच्या गजांवर वाळणारे बनियन आणि मेसच्या डब्यातल्या बटाट्याच्या रश्श्याचा भिंतींत मुरलेला वास. 'मुलींना खोलीवर आणायचं नाही' अशी अट मालकीणकाकूंनी पहिल्याच दिवशी घातली होती. ती पाळणं तुम्हाला मुळीच जड गेलेलं नाही. काकू तुमच्यावर खूश आहेत. 'पोरगा अगदी सरळ आहे हो,' असं त्या शेजारणीला सांगतात.

परवा रूममेट तुम्हाला 'दोस्ताना' बघायला घेऊन गेले होते. पडद्यावर दोन हिरो भाड्याच्या खोलीसाठी एकमेकांचे प्रियकर असल्याचं नाटक करतात आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणतं. सगळे हसले. तुम्हीही हसलात, अर्धा क्षण उशिरा. तो अर्धा क्षण कुणाच्या लक्षात आला का, याचा विचार तुम्ही दोन रात्री करताय. जॉन अब्राहमच्या पिवळ्या चड्डीचा विचार केलात तो वेगळाच. कॉलेजच्या हॉस्टेलवर एका मुलाला 'पावणेआठ' म्हणतात. त्याचं चालणं जरा वेगळं, एवढाच त्याचा गुन्हा. तो जिन्यावरून उतरला की खालून कुणीतरी घड्याळात किती वाजले असं विचारतं आणि वरून कोरसमध्ये उत्तर येतं. तुमचं चालणं तसं नाही. आपलं चालणं तसं नसल्याचा आनंद होतो, आणि त्या आनंदाची लाज वाटते, म्हणून तुम्ही त्या मुलाशी बोलायचं टाळता.

तुमच्या पाकिटात, कॉलेजच्या ओळखपत्रामागे, चार घड्या घातलेला कागद आहे. वर्तमानपत्रातल्या एका लेखाच्या तळाशी छापलेला फोन नंबर तुम्ही त्यावर उतरवून घेतलाय आणि समोर लिहिलंय 'टायपिंग क्लास'. तो नंबर समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा, तिचं खरं नाव समपथिक ट्रस्ट. ते लिहायची तुमची छाती झालेली नाही.

फोन तुम्ही गेल्या आठवड्यात लावलात. स्वतःचा मोबाइल खिशात असताना किराणा दुकानाच्या दारातल्या कॉइन बॉक्सवरून, कारण मोबाइलवरून लावला तर पलीकडे नंबर उमटतो. कॉइन बॉक्सची गंमत अशी, की त्यावर एकांत नावाची गोष्ट नसते. डाव्या हाताला गोळ्यांच्या बरण्या, उजवीकडे साबण मागणारी बाई, मागे रांगेत दोघं. रिसीव्हरला आधीच्या माणसाच्या तंबाखूचा वास. रुपया पडल्याचा 'टुक' आवाज आला, पलीकडून 'हॅलो' ऐकू आलं आणि तुम्ही फोन ठेवून दिलात. रुपया गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात, आणि या वेळी एका दमात म्हणालात, 'माझ्या एका मित्राला जरा माहिती पाहिजे होती.'

अशा हेल्पलाइनींवर बसलेल्या माणसांना हे वाक्य पाठ असतं. मित्रासाठी एवढी पदरमोड करणारे तरुण महाराष्ट्रात घरोघरी आहेत, असं एखाद्या परक्याला त्यावरून वाटावं. पलीकडच्या माणसाने मित्राचं नाव विचारलं नाही. पत्ता सांगितला, यायची वेळ सांगितली आणि म्हणाला, 'मित्राला घेऊन या. नाहीतर तुम्ही एकटे आलात तरी चालेल.' दुसरा रुपया संपल्याची सूचना वाजत होती. तुम्ही तिसरा टाकला नाहीत.

चला, दोन नंबर आली. लाल गाडी, पुढची काच तडकलेली. थांबा रस्त्याच्या मधोमध आहे, कारण देशातली पहिली बीआरटी आपल्या सातारा रस्त्यावर अवतरली आहे आणि बसला स्वतंत्र मार्गिका मिळाली आहे. तिथपर्यंत जिवंत कसं पोचायचं हे मात्र ज्याने त्याने बघायचं. धुळीत धावा, लोंबकळा, आत घुसा. आतला उकाडा अंगावर येतो. नोव्हेंबरची थंडी बाहेर, आत पन्नास माणसांची वाफ. कुणाच्या तरी पिशवीतली मेथी तुमच्या मानेला घासतेय. कंडक्टर दांडीला पाठ टेकवून तिकिटांची पेटी पंचने ठोकतो, टक्-टक्-टक्.

'एक शनिपार द्या.'

'कुठं?'

'शनिपार.'

'मोठ्यानं बोला की राव!'

'शनिपार!'

सगळ्या बसला कळलं. शनिपार म्हणजे तुळशीबाग, शनिपार म्हणजे चपला, परकर, कुकरची शिटी. शनिपाराला माणसं हजार कामांसाठी जातात, यात कुणाला काही वाटायचं कारण नाही. पण तुमचे कान तापलेत. समोरच्या बाकावर दोन तरुण एकमेकांच्या गळ्यात हात टाकून बसलेत, एक दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून पेंगतोय. त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. पुण्याच्या बसमध्ये दोन पुरुषांनी असं बसायला कधीच हरकत नव्हती. तुम्ही मात्र कुणाचा खांदा लागला की अंग चोरता. ज्याला लपवायचं असतं तोच अंतर राखतो, हे त्या दोघांना सांगून समजणार नाही.

मागे उजव्या हाताला सर्पोद्यान राहिलं. पेशवे पार्कातल्या वाघ-अस्वलांनी काही वर्षांपूर्वी गावातलं बिऱ्हाड हलवून इथे थाटलंय. त्याच्या पलीकडे तलाव. अडीचशे वर्षांपूर्वी नानासाहेब पेशव्यांनी त्या तलावातून जमिनीखालून नळ नेला, थेट शनिवारवाड्यापर्यंत, आणि वाटेतल्या हौदांना पाणी दिलं. पाण्याच्या दाबाने नळ फुटू नये म्हणून ठिकठिकाणी उभ्या धुराड्यांसारखे झरोके ठेवले. त्यांना उच्छ्वास म्हणत. तुम्ही आज जाताय तो साधारण तोच मार्ग आहे, आणि तुम्हीही त्या पाण्यासारखेच, वरच्या गावाला पत्ता लागू न देता चालला आहात. तुम्ही जिथे निघालात ती संस्थेची बुधवार पेठेतली खोली म्हणजे वाटेवरचा एक उच्छ्वास.

भारती विद्यापीठ. वर्गातला कुणी चढतो का? नाही. बालाजीनगर, धनकवडी, पद्मावती. सिटीप्राइडवर 'दोस्ताना'चं भलंमोठं पोस्टर. नजर वळवा, नाहीतर नका वळवू, इथे सगळेच बघतात. लक्ष्मीनारायण. स्वारगेटला अर्धी बस रिकामी होते आणि दुप्पट भरते. मुतारीचा भपकारा, मोगऱ्याचे गजरे, 'पाणी बॉटल, पाणी बॉटल'. स्टँडच्या भिंतीवर एका डॉक्टरची जाहिरात रंगवलीय: गुप्तरोग, स्वप्नदोष, लहानपणाच्या चुका, खात्रीशीर इलाज. या विषयावर शहराने तुमच्याशी आजवर जे काही बोलणं केलंय, ते एवढंच.

सारसबागेवरून पावभाजीच्या लोण्याचा वास आत येतो, बाजीराव रस्ता लागतो आणि बस गोगलगाईच्या चालीने रांगू लागते. उतरा.

आता जपून. शनिपारावरून मंडईच्या अंगाला चालायचंय, बुधवार पेठेत, विजय मारुती चौकाजवळ. आणि 'बुधवार पेठ' म्हटल्यावर पुणेकर कसं हसतो ते तुम्हाला ठाऊक आहे. वर्गातला कुणी या गल्लीत दिसला आणि त्याने विचारलंच, तर? तुम्ही उत्तर तयार ठेवलंय. तुम्ही खजील झाल्यासारखं हसायचं, मान खाली घालायची आणि त्याला वाटू द्यायचं की तुम्ही त्या दुसऱ्या बुधवार पेठेत चालला होतात. तो डोळा मारेल, पाठीवर थाप देईल, कॉलेजात तुमचा भाव वाढेल. बाई विकत घ्यायला चाललेला मुलगा या गावात खपून जातो. कुणाशी तरी खरं बोलायला चाललेला खपत नाही. त्या काळातल्या सभ्यतेचा याहून नेमका हिशेब मला सापडलेला नाही.

मंडईकडून कोथिंबीर, पेरू आणि सडक्या कोबीचा वास येतोय. तुळशीबागेतून बाहेर पडणाऱ्या बायकांच्या पिशव्या तुमच्या गुडघ्यांवर आपटतात. हातगाडीवाला 'बाजू, बाजू' करत अंगावर येतो. इमारत सापडली. खाली दुकानं, वर जिना. पायऱ्यांच्या कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या आणि त्या अडवायला लावलेल्या देवादिकांच्या फरशा. पहिला मजला. दुसरा. तिसऱ्याच्या निम्म्यात एक माणूस वरून उतरताना दिसतो आणि तुम्ही वळून सरळ खाली येता, चहाच्या टपरीपर्यंत. कटिंग घ्या. जीभ पोळू द्या. तुमच्या आधी आलेल्या कितीतरी जणांनी याच उंचीवरून माघार घेतली असेल, तेव्हा लाजू नका. परत चढा.

दार उघडंच आहे.

तुम्ही काय काय कल्पना केली होती? लाल दिवा, पडदे, सिनेमातल्यासारखं काहीतरी. आत एक सरकारी अवकळा असलेली कचेरी आहे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, लोखंडी कपाट, टेबल, टेलिफोन, रजिस्टर, कुरकुरणारा पंखा. भिंतीला एचआयव्हीची पोस्टरं. कोपऱ्यात निरोधची खोकी, आणि टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं एक लाकडी लिंग. दचकू नका, निरोध कसा चढवायचा ते शिकवायचं ते साधन आहे, वजनाला बरं म्हणून कागदांवर ठेवलंय. (सामान मी माझ्या मनाने मांडलंय हे कबूल. पण त्या वर्षांत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणारी अशी कुठलीही कचेरी घ्या, यादी फारशी बदलणार नाही.)

'पाणी घे आधी,' कुणीतरी म्हणतं. स्टीलचा पेला, तळाशी थंडगार. तुमची तहान तुम्हालाच आत्ता कळते.

'नाव काय?'

'राहुल.'

कोपऱ्यातला एक जण हसतो. 'मीपण राहुल. आणि तो बसलाय ना, तोही राहुलच.' सगळे हसतात. तुम्ही पहिल्यांदाच, वेळेवर, हसता.

तेवढ्यात दार ढकलून एक जण येतो. मिशा, खांद्याला झोळी, चपला धुळीने माखलेल्या. सबंध दुपार बागांतून, स्टँडवरून, सार्वजनिक मुताऱ्यांच्या आसपास निरोध वाटत आणि तपासणीला चला म्हणून विनवत फिरून आलाय. खुर्चीवर अंग टाकत म्हणतो, 'आले गं बाई! पाय तुटले माझे.' दुसरा त्याला विचारतो, 'काय गं, कुणी चिसा दिसला की नाही?' तुम्हाला शब्द कळत नाही, पण कशाबद्दल चाललंय ते बरोबर कळतं. हे कोती, म्हणजे पुरुषांकडे ओढ असलेले बायकी वळणाचे पुरुष. काही घरी बायको-मुलं असलेले, काही मंडईत हमाली करणारे, काही जत्रेत साडी नेसून नाचणारे. तुमच्यासारखा कॉलेजात जाणारा, इंग्रजी वाचणारा मुलगा यांच्याशेजारी एरवी बसला नसता. इथे बसलाय, चहा त्यांच्याच बशीतून पितोय. ज्या हॉस्टेलवरच्या मुलाशी तुम्ही बोलत नाही तो आता तुम्हाला आठवतो. आठवू द्या.

पोलिसाचा किस्सा निघतो. बागेच्या बाकावर दोघं नुसते बसलेले, शिपायाने येऊन कलमाचा आकडा सांगितला, चौकीवर नेऊन घरी फोन लावतो म्हणाला, आणि घड्याळ, पैसे, मोबाइल घेऊन सोडून दिलं. सांगणारा हसत हसत सांगतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमाचा ३७७ हा आकडा या खोलीत कायद्याच्या पुस्तकातून आलेला नाही. तो खिसे रिकामे करणाऱ्या हाताबरोबर आलाय.

टेबलामागे बिंदुमाधव खिरे बसले असतील, किंवा नसतीलही; त्यांना कधी कुठल्या कॉलेजात बोलायला जायचं असतं, कधी कुणाच्या आईवडिलांना समजवायला. हा माणूस पुण्याचाच. अमेरिकेत संगणकाच्या क्षेत्रात नोकरी केली, तिकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 'त्रिकोण' या दक्षिण आशियाई समलिंगी लोकांच्या संस्थेची ओळख झाली. परत आल्यावर मुंबईत अशोक राव कवींच्या 'हमसफर ट्रस्ट'कडून कामाचे धडे घेतले आणि २००२ साली पुण्यात समपथिक उभी केली. हे असं दोन ओळींत सांगितलं की सोपं वाटतं. ज्या शहरात आडनाव ऐकताच लोक वाडा, गल्ली आणि आजोबांची नोकरी सांगतात, त्या शहरात स्वतःचं नाव आणि फोटो छापून 'मी समलिंगी आहे' म्हणणं म्हणजे काय, ते तुम्ही आत्ता तीन राहुलांमध्ये बसून अधिक चांगलं समजू शकता.

मग तुम्हाला जरा बाजूला बसवतात. तुम्ही मित्राची गोष्ट सुरू करता आणि तिसऱ्या वाक्यात 'तो'चा 'मी' होतो. समोरचा माणूस ते लक्षात आल्याचं दाखवत नाही. तुमचे प्रश्न सगळ्यांचेच आहेत. यावर गोळी आहे का? लहानपणी काही झालं म्हणून हे झालं का? लग्न केलं की जातं का? आईला कळलं तर ती मरेल का? तो सांगतो की हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच आजारांच्या यादीतून हे काढून टाकलंय. लग्नाने जात नाही. फक्त एका माणसाऐवजी दोन माणसं दुःखी होतात. आई मरत नाही, पण घाई करू नकोस, आधी शिक्षण पूर्ण कर, स्वतःच्या पायावर उभा राहा. रक्त कधी तपासलंयस का? प्रत्येक उत्तर कोरडं, हिशेबी, रेल्वेच्या चौकशी खिडकीवर मिळावं तसं. तुम्हाला रडू यायला हवं होतं असं तुम्हाला वाटत होतं. येत नाही. भूक लागते.

मराठी माणसाने असले प्रश्न विचारण्याची ही काही पहिली वेळ नाही. १९२७ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' काढलं तेव्हा लोक हेच प्रश्न पत्राने विचारत, आणि कर्वे उत्तरं छापत. त्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. खटला कर्वे हरले. बाकी मधल्या सत्तर वर्षांत मराठीत अगदीच शांतता होती असं नाही: तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं, कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' तुमच्या या संध्याकाळच्या दोन वर्षं आधीची. पण नाटकाला आणि कादंबरीला फोन करता येत नाही.

निघताना टेबलावरची पुस्तकं दिसतात. खिऱ्यांची 'पार्टनर' ही कादंबरी आणि काही माहितीची पुस्तकं. 'पार्टनर' घ्यायचं ठरवता. 'कव्हर घालून मिळेल का?' कुणी हसत नाही. वर्तमानपत्राचा कागद काढला जातो, कडा दुमडल्या जातात. शाळा सुटल्यानंतर तुमच्या पुस्तकाला कुणी कव्हर घातलेलं नव्हतं.

जाता जाता एक गोष्ट बघून घ्या. या खोलीत मुली जवळजवळ नाहीत. एचआयव्हीचा पैसा पुरुषांच्या नावाने येतो, खोकी पुरुषांसाठी येतात, बागा आणि मुताऱ्या पुरुषांच्या, आणि संध्याकाळी सातला एकट्याने बुधवार पेठेत यायची सोय फक्त मुलांना. मुंबईत अशा स्त्रियांचा 'स्त्री संगम' हा गट १९९५ पासून होता, नंतर त्याचं 'लेबिया' झालं. पण धनकवडीतल्या लेडीज हॉस्टेलवरच्या मुलीला मुंबई फार लांब. तिच्याकडे पाकिटात घडी घातलेला कागद असेल तर तो नंबर कुणाचा, हे मी तुम्हाला या प्रवासात दाखवू शकत नाही. या इतिहासातली ही मोठी फट आहे आणि ती बुजवून सांगण्यात अर्थ नाही.

परतीच्या बसमध्ये जागा मिळते. पुढे मेस बंद झालेली असते, खोलीवर पोहे मिळतात. 'कुठं होतास रे?' 'टायपिंग क्लास.' 'एवढ्या उशिरापर्यंत?' 'शॉर्टहँडपण लावलंय.'

आता जरा घट्ट धरा, तीन वर्षं पुढे उडी मारायचीय. मधल्या काळात दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तुम्ही गुन्हेगार नाही असं म्हटलंय, स्वाइन फ्लूने पुण्याला मास्क घालून दाखवलाय, आणि तुम्ही खराडीकडच्या एका कंपनीत चिकटलाय. ११ डिसेंबर २०११. सकाळी रजईतून निघवत नाही अशी थंडी, नंतर पाठ शेकणारं ऊन. पुण्यातली पहिली प्राइड, अभिमान पदयात्रा. पुन्हा पोटात तोच गोळा, फक्त या वेळी तिसऱ्या मजल्याच्या जिन्याऐवजी उघडा रस्ता आहे.

ओळखू येऊ नये म्हणून काय कराल? पुण्यात याचं उत्तर तयार असतं. इथल्या स्कूटीवरच्या पोरींनी चेहरा पूर्ण गुंडाळायची कला इतकी पुढे नेलीय की स्कार्फमागे कोण आहे हे विचारायचं गाव विसरून गेलंय. तुम्हीही स्कार्फ गुंडाळा. आतल्या श्वासाने तो दमट होतो, चष्म्यावर वाफ येते. कुणी रंगीत मुखवटा लावलाय, कुणी गॉगल. आणि काही जण उघड्या चेहऱ्याने चाललेत, बेफिकीर, जणू लक्ष्मी रोडवर खरेदीला निघालेत. त्यांच्याकडे तुम्ही चोरून बघता. घोषणा सुरू होतात. पहिल्या दोन वेळा तुमचा आवाज फुटत नाही. कडेला उभे असलेले एक आजोबा बंदोबस्तातल्या हवालदाराला विचारताहेत, 'कसली मिरवणूक हो ही?' हवालदार कागद बघून अडखळत वाचतो. आजोबा 'बरं बरं' म्हणून पिशवी सावरत चालू लागतात. एवढंच? तुम्ही दगडाची तयारी ठेवली होती.

फोटोग्राफर समोर आला की मात्र रांग अजून विस्कटते. कुणी फलकाआड, कुणी शेजाऱ्याच्या पाठीमागे. घरी, बार्शीला, सकाळी पेपर येतो.

पुढच्या काही वर्षांच्या प्राइडमध्ये सभ्य, साधे कपडे घालून यावं असा संयोजकांचा आग्रह राहिला आणि त्यावरून खूप वाजलं. पुढच्या पिढीने विचारलं, आम्ही काय घालायचं ते तुम्ही कोण सांगणार? माझं मत विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं, पण वेगवेगळ्या वर्षांसाठी. ज्याने आजोबांचं 'बरं बरं' कमवायला दहा वर्षं घालवली त्याला ते एका दिवसात घालवायचं नव्हतं. आणि ज्याला ते आयतं मिळालं त्याला त्यासाठी अंग झाकून घ्यायचं नव्हतं. अशी भांडणं होऊ लागली की समजावं, आता खोलीत माणसं पुरेशी झाली.

बाकीची वर्षं खिडकीतून बघा, उतरू नका. २०१३ च्या डिसेंबरात, नेमकी अकराच तारीख, दिल्लीहून सर्वोच्च न्यायालयाचा उलटा निकाल आला आणि तुम्ही पुन्हा गुन्हेगार झालात. त्या रात्री फोन वाजत राहिले. मधे 'मनाचिये गुंती' नावाचं पुस्तक निघालं, त्यात अशा मुलांचे आईवडील बोलले. जंगली महाराज रस्त्यावर प्राइडची गर्दी वाढत गेली आणि स्कार्फ कमी होत गेले. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलमाचा तो दात उपटला. खिरे पुढे बिंदू क्विअर राइट्स फाउंडेशन या नावाने काम करू लागले. 'मिस्ट', 'युतक' अशा इतरही संस्था शहरात उभ्या राहिल्या. बावीस वर्षांच्या मुलाला आज कॉइन बॉक्स शोधावा लागत नाही, आणि सोबत कुणी तरी आहे हे कळायला बसही पकडावी लागत नाही. घरी सांगायची वेळ आली की मात्र त्याचंही पोट तसंच ढवळतं.

तुम्हाला परत आणून सोडण्याआधी एक काम सांगतो. पुण्याला इतिहासाचा भारी सोस. इथे गणपती मंडळांच्या स्मरणिका आहेत, तालमींचे इतिहास आहेत, अमृततुल्यांवर लेख येतात. पण कॉइन बॉक्सवरून आलेले ते मुके फोन ज्यांनी उचलले, 'मित्राला घेऊन या' म्हणाले, उन्हातान्हात झोळी घेऊन फिरले, त्यांची नावं कुठेही नाहीत. बरीचशी नावं तर तेव्हाही खरी नव्हती. त्यातली अनेक माणसं अजून याच शहरात आहेत, पन्नाशी-साठीला टेकलेली. काही एचआयव्हीने आधीच गेली. तुम्ही त्यांच्यापैकी एक असाल, किंवा तुमच्या ओळखीत कुणी असेल, तर वही घ्या, फोनवर ध्वनिमुद्रण करा, हवं तर राहुल या नावाने करा. हे लिहून ठेवायचं काम न्यायालयाचं नाही आणि संस्थेच्या वार्षिक अहवालाचंही नाही. ते तुमचं आहे, आणि फार वर्षं उरलेली नाहीत.